देवधर काका आणि पलीकडचं राज्य

गेल्या हिवाळ्यात देवधर काका सलग अकरा रविवार दुपारी दोनच्या ठोक्याला जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेनहून गाडी काढून शंभर किलोमीटरवरच्या उल्मला जात होते. तिथे नदीकाठी गाडी लावायची, चालत पुलाच्या मधोमध जाऊन उभं राहायचं, घड्याळ बघायचं आणि परत यायचं. पुलाच्या पलीकडे ते जात नसत. उल्मचं ते प्रसिद्ध उंच चर्चही बघत नसत, कॉफी पीत नसत. आणि जाता-येता गाडीच्या मागच्या सीटवर तांदळाचं दहा किलोचं पोतं असायचं. पोत्याखाली उशी, पोत्यावरून सीटबेल्ट.

"तांदळाला फिरायला नेता का हो काका?" मी एकदा विचारलं.

ते हसले नाहीत. "पट्टा लावलेला बरा," एवढंच म्हणाले.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. पुण्याहून इथे येऊन मला नऊ वर्षं झाली, काकांना एकतीस. झिंडेलफिंगेनच्या गाड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. गाडी रस्त्यावरून जाताना मागच्या सीटवर बसणाऱ्याला किती धक्के बसतात, ते मोजायचं. त्यासाठी सीटवर वाळूच्या पिशव्या बांधायच्या, ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या वेगात गाडी न्यायची आणि प्रत्येक खड्ड्याची नोंद करायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी त्यांना सोफ्यावर बसवलं की ते आधी हाताने दाबून बघतात.

काका हा मी पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस आहे. हे मी मागून बोलत नाहीये, ते स्वतःच सांगतात. सरकारी कचेरीतून पत्र आलं की ते आधी पेटीतून काढून खिडकीत ठेवतात, मग अंघोळ करतात, मग उघडतात. ते पत्र बहुतेक वेळा कचऱ्याच्या नव्या डब्याबद्दल असतं. ऑटोबानवर लोक दोनशेने जातात तिथे काका नव्वदने जातात आणि मागून ट्रक आला की त्याची माफी मागतात, मराठीत.

याच भीतीपायी त्यांनी जर्मन नागरिकत्व कधी घेतलं नाही. अर्ज तीनदा भरला. तिन्ही वेळा सहीपाशी येऊन थांबले. "एकदा सोडलं की सोडलं. परत देतील, हे कुठे लिहिलंय?" सुनंदा काकूंनी मात्र पहिल्याच वेळी सही ठोकली आणि कचेरीतून येताना केक आणला. त्यामुळे त्या घरात एक जर्मन आणि एक भारतीय असे दोघं वीस वर्षं एका कुकरचा भात खात सुखाने नांदत होते. त्या एका सहीचं पुढे काय होणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

"हे कुठे लिहिलंय?" हा काकांचा पेटंट प्रश्न. आणि सगळं जिथे लिहिलंय अशी त्यांची लाडकी जागा म्हणजे अमेरिकेची राज्यघटना. केतकीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाला ते तिकडे गेले होते तेव्हा एका दुकानातून खिशात मावेल एवढी प्रत घेऊन आले. ती कायम सदऱ्याच्या खिशात, वर प्लास्टिकचं वेष्टन. भारताची घटना सोडून हे काय भलतंच, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आपली घटना मोठी आहे, थोर आहे. पण ही बघ, ही घाबरट माणसांनी लिहिलीय. मला हिच्यात घरच्यासारखं वाटतं."

मग त्यांनी मला जिन्यात उभं करून अर्धा तास समजावलं. हातात माझ्या दुधाच्या पिशव्या. "आल्झो, असं बघ, छोट्या राज्यांना भीती की मोठी राज्यं आपल्याला गिळतील. मोठ्यांना भीती की ही चिल्लीपिल्ली आपल्याला नाचवतील. सगळ्यांना राजाची भीती, आणि राजा गेला तर जमावाची. मग काय केलं? एका सभागृहात डोकी मोजली. दुसऱ्यात छोटं असो की मोठं, प्रत्येक राज्याला दोनच माणसं. कुणाचंच पूर्ण समाधान नाही. म्हणून तर टिकलं! धीट माणसं घटना लिहीत नाहीत गं, ती युद्ध करतात."

मला हे सगळं करमणुकीचं वाटायचं. आमच्या इमारतीत त्याचा प्रयोग होईपर्यंत.

आमच्या या श्वाबेन भागात केअरवोखे नावाचा एक प्रकार आहे. आठवडाभर तुमच्या दारावर एक पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना, तळघर, अंगण, सगळं तुम्ही झाडायचं. आमच्या इमारतीत घरं सहा. घरमालकांच्या सभेत तळमजल्यावरच्या फ्राऊ हेगेले म्हणाल्या, मी एकटी बाई, मला पाच माणसांच्या घराइतकीच पाळी का? पाच माणसांचं घर म्हणालं, घर म्हणजे घर, डोकी कसली मोजता? दोन तास झाले. कुणी मागे हटेना. मी भीतीने बिस्किटं खात होते, कारण ते पाच माणसांचं घर आमचं होतं.

तेव्हा काका उभे राहिले. म्हणाले, जिना घरागणिक झाडायचा, प्रत्येकाला सारखा. अंगण आणि कचऱ्याचे डबे माणसांगणिक. मग फ्राऊ हेगेलेंनी टेबलावर बोटांनी टकटक केली, ही इथली टाळी. ठराव मंजूर. काका त्या रात्री अमेरिकेची घटना लिहून फिलाडेल्फियाहून परतल्यासारखे चालत होते.

तीन दिवसांनी ते माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. "चूक झाली माझ्या हातून." वरच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहणारी विद्यार्थिनी काकांच्या हिशेबात डोकं म्हणून धरली गेली होती, म्हणजे अंगण तिच्या वाट्याला आलं, पण सभेत ती नव्हती. तिला मतच नव्हतं. "घटना लिहिणाऱ्यांनीही हेच केलं," काका म्हणाले. "गुलाम माणसं मोजली, पाचातली तीन या दराने. मोजली कशाला? मालकांच्या राज्यांना जास्त जागा मिळाव्यात म्हणून. त्या माणसांना कुणी विचारलं का? माझी तुलना फार मोठी आहे, मला कळतं. तिथे माणसं विकली जात होती, इथे अंगण झाडायचंय. पण तडजोड झाली की बघावं, खोलीबाहेर कोण राहिलं."

त्या हिवाळ्यात त्या मुलीच्या सगळ्या पाळ्या काकांनी झाडल्या. बर्फसुद्धा उपसला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला व्यायामाची आवड आहे.

तर असा हा माणूस. नोव्हेंबरात सुनंदा काकू अमेरिकेला गेल्या आणि यांच्या उल्मच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकटेपणाने डोकं फिरलंय, असं मी मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, जा एकदा त्यांच्याबरोबर. सहाव्या की सातव्या रविवारी मी गेले. मनातून वैतागलेच होते. रविवारची दुपार म्हणजे माझी एकमेव झोप.

काकांनी माझ्या हातात एक वही आणि पेन दिलं. "मी म्हणेन तेव्हा वेळ लिही." वहीत आधीच्या सगळ्या रविवारांची पानं होती. निघालो कधी, आल्ब डोंगराचा चढ कुठे लागला, रस्त्याची कामं कुठे, पाऊस किती, पोतं किती वेळा हललं. शेवटी मोठ्या अक्षरात पूल, आणि त्यापुढे वेळ. एक तास सोळा. एक तास अकरा. एक तास त्रेचाळीस, बर्फ.

पुलावर बोचरा वारा होता. खाली डोनाऊ, आपली भूगोलातली डॅन्यूब, मातकट आणि फुगलेली. काका बरोबर मध्यावर थांबले. "हे आपलं राज्य. ते बायर्न. नदी मधून गेली आणि राज्य बदललं. सुट्ट्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, पोलीस वेगळे."

"बरं मग?" माझे कान गार पडले होते आणि आवाजही चढला होता. "काका, अहो, सुट्ट्या वेगळ्या आहेत म्हणून दर रविवारी तांदूळ घेऊन यायचं? काकूंना कळलं तर काय म्हणतील?"

"तिला माहीत आहे," काका म्हणाले. आणि कठड्याला धरून त्यांनी मला सगळं सांगितलं.

केतकीला लग्नानंतर सात वर्षांनी दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना काही बरं दिसेना. रक्तस्राव सुरू झाला तर मूल राहणार नाही आणि उशीर झाला तर केतकीही जाईल, असं ते दुखणं होतं. आणि ती ज्या राज्यात राहते तिथला कायदा असा की आईच्या जिवाला धोका असेल तरच डॉक्टरांनी गर्भाला हात लावायचा. नाहीतर डॉक्टरच तुरुंगात. तिच्या डॉक्टरबाईंनी दार लावून, आवाज बारीक करून सांगितलं होतं की सुरू झालं तर इथे थांबू नका. मी घाबरेन, माझे वरिष्ठ घाबरतील, वकिलाला फोन करतील. सरळ नदीपलीकडच्या राज्यात जा. तिथे मोठं हॉस्पिटल आहे आणि तिथे असा कायदा नाही.

"धोका," काका म्हणाले. "किती रक्त गेलं की धोका म्हणायचं? हे कुठे लिहिलंय? नाही लिहिलेलं. मी सगळं वाचलं. तिच्या राज्याचा कायदा अख्खा वाचला."

तिच्या दारापासून त्या नदीवरच्या पुलापर्यंतचं अंतर अठ्ठ्याण्णव किलोमीटर. आमच्या इमारतीपासून या पुलापर्यंत अठ्ठ्याण्णव. काकांनी नकाशावर शोधून काढलं होतं. काकूंचा पासपोर्ट जर्मन, त्यांना तिकडे व्हिसा लागत नाही, त्या आठ दिवसांत पोचल्या. काकांचा जुना व्हिसा संपलेला आणि नव्याच्या मुलाखतीची तारीख जूनमधली. केतकीचे दिवस एप्रिलमध्ये भरत होते. वीस वर्षांपूर्वी न केलेली सही.

"मला तिथे जाता येत नाही," ते म्हणाले. "मग मला जे येतं ते करतो. रोज फोनवर सांगतो. उशी कशी लावायची, वेग किती ठेवला की धक्का कमी बसतो, पावसात किती वेळ जास्त धरायचा. जावई लिहून घेतो. चांगला मुलगा आहे."

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी वही उघडून उगाच वेळ लिहिली.

परतताना ते बोलत राहिले. गप्प बसले तर रडतील, हे मला दिसत होतं. म्हणाले, "लोक मला विचारतात ही व्यवस्था चांगली की वाईट. मी काय सांगू? सगळीकडे एकच कायदा असता आणि तो हा असता, तर माझी पोर कुठे पळाली असती? शेजारचं राज्य वेगळं आहे म्हणून दार तरी आहे. गेनाऊ, अगदी बरोबर, हा फायदा. आणि तोटाही हाच. अठ्ठ्याण्णव किलोमीटर इकडे राहिलीस म्हणून तुझा जीव वेगळ्या मापाने मोजणार? एका देशात?" आणि मग हळूच, "फिलाडेल्फियाच्या त्या खोलीत बसून त्यांनी सगळ्यांच्या भीतीचा विचार केला गं. हिच्या भीतीचा नाही केला."

त्या दिवसापासून ती भीती माझ्याही घरात राहायला आली. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी त्या गावाचं हवामान बघायचे. खालून काकांचा फोन वाजला की माझा हात गॅसवर थबकायचा. माझी धाकटी मला विचारायची, "मम्मा, वास इस्ट लोस?" काय झालंय म्हणून. काय सांगणार? ती पोरगी अगदी केतकीच्याच वळणावर गेली आहे, मराठी सगळं कळतं आणि उत्तर जर्मनमध्ये. केतकीही लहानपणापासून तशीच. काका मराठीत विचारणार, ती जर्मनमध्ये सांगणार. बत्तीस वर्षांत तिने बापाला मराठीत धड एक वाक्य उत्तर दिलं नव्हतं, असं काकूच हसत सांगायच्या.

अकराव्या रविवारी दोनला दहा मिनिटं कमी असताना दारावरची बेल वाजली. काका. कोट उलटा घातलेला.

"सुरू झालं. आता निघतायत ते. तिकडे सकाळचे सात वाजायचेत." मग मला म्हणाले, "येशील का? मला एकट्याला भीती वाटते."

मी चपलेवरच निघाले. जानेवारीत.

दोन वाजता आम्ही निघालो, त्याच वेळी ते निघाले. काकांनी फोन पुढे लावून ठेवला होता, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं, जावयाचं लक्ष रस्त्यावर हवं. मी वही घेतली. काका नव्वदने चालले होते, एकही धक्का न देता. "आता ते पेट्रोल पंपाच्या वळणावर," म्हणायचे. "आता सरळ रस्ता आहे, अर्धा तास." त्यांनी तो रस्ता कधी पाहिला नव्हता. आल्बच्या चढावर गाड्यांची रांग लागलेली दिसली आणि काकांच्या तोंडून असा आवाज आला की मी वही सोडून त्यांचा दंड धरला. मलाही त्या क्षणी खरंच वाटलं की आम्ही अडकलो तर तीही अडकेल. शिकलेली, शहाणी बाई मी. पण वाटलं.

रांग सुटली. उल्म आलं. एक तास एकोणीस मिनिटं. काका धावत पुलाच्या मध्यावर गेले आणि नेहमीच्या जागी उभे राहिले, फोन दोन्ही हातांत धरून. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा कळलं, स्तोत्र नव्हतं, ते मिनिटं मोजत होते. वीस. एकवीस. बावीस. चोवीस झाली आणि फोन वाजला.

काकांना तो उचलता येईना. बोटं गारठली होती. मी बटण दाबलं आणि स्पीकर लावला. आधी गाडीचा आवाज, मग काकू काहीतरी म्हणाल्या, आणि मग केतकी. आवाज अगदी बारीक.

"बाबा. पूल झाला. आलो आम्ही पलीकडे."

मराठीत.

फोन बंद झाला. काकांनी तो खिशात ठेवला, घटनेच्या प्रतीच्या शेजारी, आणि चालायला लागले. गाडीकडे नाही, समोर.

"काका, कुठे निघालात?"

"पलीकडे. ती गेली ना."

अकरा रविवारांत पहिल्यांदाच ते बायर्नमध्ये शिरले. त्या काठावर एक बाक होता, त्यावर बसले. मी म्हटलं, थंडी आहे, गाडीत बसू. त्यांनी मान हलवली. "तिचं नीट कळेपर्यंत मी इकडच्या काठावरच." मी माझा स्कार्फ त्यांच्या गळ्यात गुंडाळला, त्यांनी त्यांचे हातमोजे काढून माझ्या पायांत घालायचा प्रयत्न केला. ते बसेनात. आम्ही दोघं हसलो आणि मग दोघंही रडलो. कुत्रा फिरवणारा एक माणूस आमच्याकडे बघून घाईघाईने पुढे गेला.

साडेपाचच्या सुमाराला काकूंचा फोन आला. केतकी वाचली. मूल नाही राहिलं.

"वेळेत पोचलो," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं."

"जावयाला पाच मिनिटं जास्त लागली," काका म्हणाले. "सावकाश चालवली त्याने. बरं केलं." आणि फोन ठेवला. मुलगी होती, एवढंच नंतर म्हणाले.

परतताना ते पुन्हा नव्वदने चालले होते. मी म्हटलं, काका, आता मोजायचं नाहीये. त्यांनी हो म्हटलं आणि वेग तोच ठेवला. मागे उशीवर पोतं होतं, पट्टा तसाच. आल्ब उतरताना एका ठिकाणी रस्त्याचं काम चालू होतं. गाडी जराशी हादरली आणि काकांचा उजवा हात आपसूक मागे गेला, पोतं सावरायला.

"तुम्ही समोर बघा, काका," मी म्हटलं. "मी धरते."

आणि मागे वळून मी पोत्यावर हात ठेवला तो बॉबलिंगेन येईपर्यंत काढला नाही.